एकेरीतले साक्षीदार

महाराष्ट्रातील माध्यमिक शाळांमधून शिकलेली माणसे एकमेकांची ओळख करून घेताना शाळेच्या नावाबरोबर एक सालही सांगतात, आणि ते साल बहुधा दहावीच्या परीक्षेचे असते. ‘पंच्याऐंशीची बॅच’, ‘ब्याण्णवची बॅच’ अशा शब्दप्रयोगांत बॅच म्हणजे एका शाळेतून एकाच वर्षी शालान्त परीक्षेला बसलेल्या मुलामुलींचा गट, आणि त्याचे वैशिष्ट्य असे की तो त्यातल्या कोणीही निवडलेला नसतो. जन्माचे वर्ष, वडिलांच्या शेतीचे वा नोकरीचे गाव, घरापासून शाळेचे अंतर आणि तुकड्यांची वाटणी एवढ्या योगायोगांवर जी पन्नास-साठ मुले एका खोलीत येऊन बसली, तीच पंचवीस-तीस वर्षांनी, केस पिकल्यावर, एकमेकांचा पत्ता शोधू लागतात, वर्गणी काढतात, एखाद्या मंगल कार्यालयात किंवा शाळेच्याच पटांगणात जमतात आणि बाहेरच्या माणसाला ज्यांत काहीच वाटणार नाही अशा घटनांविषयी दिवसभर बोलत राहतात. या ओढीत हळवेपणा असतोच. परंतु माध्यमिक शिक्षणाची रचना, स्मृतीचे मानसशास्त्र आणि मराठीतील संबोधनाची रीत या तिन्हींचाही त्यात वाटा आहे, आणि तो ध्यानात घेतला म्हणजे वर्गमित्राचे नाते पुढच्या आयुष्यातील इतर ओळखींहून वेगळे का पडते हे उलगडते.

वाटा फुटण्याआधीचे वर्ष

दहावीला हे स्थान मिळाले ते परीक्षापद्धतीच्या इतिहासामुळे. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ मध्ये झाली आणि त्याची पहिली प्रवेश परीक्षा, म्हणजेच मॅट्रिक्युलेशन, १८५९ मध्ये घेण्यात आली. ती उत्तीर्ण होणाऱ्या पहिल्या विद्यार्थ्यांत महादेव गोविंद रानडे होते. त्यानंतरच्या शंभर वर्षांत ‘मॅट्रिक’ या शब्दाला एवढे वजन आले की ‘मॅट्रिक पास’ आणि ‘नॉनमॅट्रिक’ ही माणसाला चिकटणारी विशेषणेच होऊन बसली. पुढे ही परीक्षा विद्यापीठाकडून शालान्त परीक्षा मंडळाकडे आली, राज्य मंडळाची स्थापना १ जानेवारी १९६६ रोजी झाली आणि दहा वर्षे शाळा व दोन वर्षे उच्च माध्यमिक असा आकृतिबंध स्वीकारल्यानंतर १९७५ मध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली. म्हणूनच सत्तरीपुढची पिढी आपल्या शेवटच्या शालेय वर्षाचा उल्लेख ‘अकरावी मॅट्रिक’ असा करते आणि तिच्या मागून आलेल्या सर्व पिढ्या ‘दहावी’ असा करतात.

वर्ग अकरावीचा असो वा दहावीचा, त्यानंतर वाटा फुटतात ही गोष्ट दोन्हींत समान आहे. निकाल लागला की कोणी तालुक्याच्या महाविद्यालयात जातो, कोणी आयटीआयला, कोणी वडिलांच्या दुकानात बसतो, कोणी शेती पाहू लागतो, आणि एकेकाळी अनेक मुलींची लग्ने त्याच उन्हाळ्यात ठरत असत. यानंतरचे सोबती आवडीने, व्यवसायाने किंवा उत्पन्नाने आधीच चाळून आलेले असतात. महाविद्यालयात शाखा, नोकरीत पात्रता आणि शहरात घराची किंमत हे काम करते. माध्यमिक शाळेतील गर्दी मात्र पुष्कळशी बिनचाळणीची असते. प्राथमिक शाळा ज्याच्या त्याच्या वाडीवर आणि हायस्कूल बाजाराच्या गावी, अशी रचना ग्रामीण भागात दीर्घकाळ राहिली, त्यामुळे आठ-दहा वाड्यावस्त्यांवरची मुले पायी, सायकलने किंवा एसटीच्या पासावर येऊन प्रथमच एका छपराखाली बसत, आणि उंचीप्रमाणे बाक ठरत असल्याने सावकाराचा मुलगा आणि सालगड्याचा मुलगा शेजारी येण्याची शक्यता निर्माण होई.

हा योगायोग हेतुपूर्वक घडवून आणण्याचे प्रयत्नही महाराष्ट्रात झाले. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले, तेव्हा निरनिराळ्या जातिधर्मांच्या मुलांनी एकत्र राहावे आणि एका पंगतीला जेवावे हे त्या वसतिगृहाचे मूळ सूत्र होते. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे नामकरण झाले. ज्यांचे आईवडील एकमेकांच्या घरी पाणीही पीत नसत अशी मुले तेथे एका भाकरीचे तुकडे करू लागली, आणि अशा सहवासातून जडलेली मैत्री हे त्या शिक्षणाचे पाठ्यपुस्तकाबाहेरचे फलित होते.

स्मृतीतला उंचवटा

महाराष्ट्रात दहावीची पहिली परीक्षा झाली त्याच वर्षी, म्हणजे १९७५ मध्ये, अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ हॅरी बाहरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्गसोबत्यांच्या स्मृतीवरचे एक मोठे संशोधन प्रसिद्ध केले. अमेरिकेतील शाळा दरवर्षी विद्यार्थ्यांची छायाचित्रे व नावे असलेला वार्षिक ग्रंथ छापतात. त्याच्या आधारे १७ ते ७४ या वयोगटातील ३९२ व्यक्तींची चाचणी घेण्यात आली. जुन्या वर्गसोबत्यांची नावे काहीही न दाखवता सांगा असे म्हटल्यावर वर्षांगणिक नावे गळत गेलेली दिसली, परंतु अनेक छायाचित्रांतून आपल्या वर्गातला चेहरा ओळखायला सांगितल्यावर सुमारे ३५ वर्षांनंतरही नव्वद टक्क्यांच्या आसपास उत्तरे बरोबर आली. मानसशास्त्रात या दोन क्रियांना अनुक्रमे प्रत्यावाहन आणि प्रत्यभिज्ञा म्हणतात: पहिलीत मनाला आधाराविना शोध घ्यावा लागतो, दुसरीत समोर आलेल्या वस्तूची खूण पटवायची असते. रोज पाच-सहा तास, सलग काही वर्षे पाहिलेला चेहरा मनात इतका खोल रुजतो की नाव ओठांवर आले नाही तरी खूण पटते. मेळाव्याच्या दारात दोन माणसे एकमेकांकडे क्षणभर पाहत राहतात आणि मग एकदम ओरडतात, त्यामागची प्रक्रिया हीच.

चेहरे टिकतात याचे कारण असे सांगता येते. त्या काळातील प्रसंग इतके ठळक का राहतात, याचे उत्तर दुसऱ्या एका निष्कर्षात आहे. मध्यमवयीन आणि वृद्ध व्यक्तींना आयुष्यातील आठवणी सांगायला लावून त्या कोणत्या वयातील आहेत याची मांडणी केली असता, साधारण १० ते ३० या वयातील आठवणींचे प्रमाण अपेक्षेपेक्षा बरेच जास्त निघते, असे डेव्हिड रुबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये दाखवून दिले. आलेखावर या वयापाशी जो फुगवटा दिसतो त्याला स्मृतींचा उंचवटा म्हणता येईल. त्याची कारणे अनेक सांगितली जातात: पहिली सायकल, पहिले भाषण, पहिला पराभव, पहिले आकर्षण यांसारखे अनुभव याच काळात येतात आणि नवेपणामुळे ठसतात, आपण कोण आहोत हे माणूस याच वयात ठरवू लागतो, त्यामुळे त्या ठरवण्याशी निगडित प्रसंग पुढे वारंवार उगाळले जातात, शिवाय वाढत्या वयातील मेंदूची ग्रहणशक्तीही तेव्हा जोरात असते. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ ही २००४ मध्ये प्रसिद्ध झालेली कादंबरी नववीतील मुलाभोवती फिरते, आणि ज्यांचे नववीचे वर्ष सर्वस्वी वेगळ्या काळात गेले अशा वाचकांनाही ती आपली वाटली, यामागे हा उंचवटाही असावा.

या आठवणींत रमण्याला मराठीत दोन शब्द आहेत आणि त्यांच्या छटा निरनिराळ्या आहेत. ‘स्मरणरंजन’ या शब्दात सुख आहे, तर ‘गतकातरता’ या शब्दात गेलेल्या काळासाठीची व्याकुळता आहे. योहानेस होफर या तरुण वैद्याने १६८८ मध्ये बाझेल येथील प्रबंधात या भावनेसाठी ‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्द घडवला तो घरी परतणे आणि वेदना या अर्थांचे दोन ग्रीक शब्द जोडून, आणि परमुलखात राहणाऱ्या स्विस लोकांना जडणारा आजार म्हणूनच त्याने तिचे वर्णन केले. एकविसाव्या शतकात साउदॅम्प्टन विद्यापीठातील संशोधकांनी मात्र २००६ पासून दाखवले की या भावनेत गोडी आणि खंत एकत्र नांदतात, तिच्या केंद्रस्थानी बहुतेक वेळा जवळची माणसे असतात आणि एकटेपणा जाणवू लागला की मन तिच्याकडे वळून आधार मिळवते. मुले शिकायला दूर गेली, आईवडील थकले वा गेले आणि निवृत्ती दिसू लागली, अशा वयातच बॅचच्या मेळाव्यांना जोर येतो, त्याची संगती या निष्कर्षाशी लागते.

हजेरीपटापासून मोबाइलपर्यंत

मराठी शाळांत वार्षिक ग्रंथाची प्रथा नव्हती, त्यामुळे वर्गसोबत्यांच्या शोधाची साधने वेगळी होती. निरोप समारंभाच्या वेळी काढलेले गटछायाचित्र, ज्यात शिक्षक खुर्च्यांवर, मुली एका बाजूला आणि उंच मुले मागच्या बाकांवर उभी असतात, ते एखाद्याच्याच घरी टिकून राहिलेले असते. शाळेत मात्र जनरल रजिस्टर असते: विद्यार्थ्याचे पूर्ण नाव, जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाची व शाळा सोडल्याची तारीख आणि सोडण्याचे कारण यांची नोंद त्यात केली जाते आणि शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच दिला जातो.

नाव मिळाले म्हणून माणूस मिळतोच असे नाही, आणि ही अडचण मुलींच्या बाबतीत सर्वाधिक येते. विवाहानंतर आडनाव बदलते, वडिलांच्या नावाच्या जागी पतीचे नाव येते आणि कित्येक घरांत मुलीचे स्वतःचे नावही लग्नात बदलण्याची रीत होती, त्यामुळे हजेरीपटावरची मुलगी पुढच्या कोणत्याही कागदावर त्याच नावाने सापडत नाही. तिचा शोध माहेरच्या वाटेने, म्हणजे भाऊ, वहिनी किंवा गल्लीतली जुनी शेजारीण यांच्यामार्फत घ्यावा लागतो, आणि मेळावे दिवाळीत किंवा मे महिन्यात ठेवण्यामागे माहेरपणाला आलेल्या मैत्रिणी सापडाव्यात हा हिशोब असतो. बॅचच्या यादीत तिचे पूर्वाश्रमीचे नाव पुन्हा लिहिले जाते, तेव्हा कित्येक जणींना ते नाव अनेक वर्षांनी प्रथमच हाकेत ऐकू येते.

इंटरनेटमुळे हा शोध सोपा झाला. २००४ ते २०१४ या दशकात ऑर्कुटवर आणि नंतर फेसबुकवर शहरी व परदेशस्थ माजी विद्यार्थी एकमेकांना सापडू लागले होते. परंतु गावात राहिलेले आणि परगावी गेलेले एकाच ठिकाणी आले ते स्वस्त मोबाइल आणि व्हॉट्सॲप यांच्यामुळे. २०१६ मध्ये व्हॉट्सॲपच्या गटाची सदस्यमर्यादा १०० वरून २५६ वर गेली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात जिओच्या आगमनाने इंटरनेटचे दर कोसळले, त्यामुळे तीन-चार तुकड्यांची अख्खी बॅच एका गटात मावू लागली आणि ट्रॅक्टर चालवणारा सदस्य व कॅलिफोर्नियात संगणकापुढे बसणारा सदस्य एकाच सुप्रभाताला उत्तर देऊ लागले.

या गटांतून ठरणारा स्नेहमेळावा आता एक विधीच झाला आहे. सकाळी शाळेची घंटा वाजवली जाते, प्रार्थना आणि प्रतिज्ञा होते, जुन्या क्रमांकाने हजेरी घेतली जाते, दिवंगत शिक्षकांना व सोबत्यांना श्रद्धांजली वाहिली जाते, हयात शिक्षकांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो आणि मधल्या सुट्टीत चिंचा, बोरे, आवळे व लिमलेटच्या गोळ्या वाटल्या जातात. बाहेरून पाहणाऱ्याला यात पोरकटपणा वाटू शकतो, पण आठवणी संदर्भाला बांधलेल्या असतात हे लक्षात घेतले तर या विधीचा उपयोग ध्यानात येतो: घंटेचा आवाज, बाकाची उंची आणि आवळ्याची तुरट चव या खुणा मनाला जिथे पोचवतात तिथे नुसते बोलणे पोचवू शकत नाही.

मिळून आठवणे आणि मिळून विसरणे

आठवण ही एकट्याच्या डोक्यात घडणारी गोष्ट वाटते, परंतु फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मॉरिस हाल्ब्वाक्स यांनी १९२५ मध्ये असे प्रतिपादन केले की माणूस ज्या गटात वावरतो त्या गटाच्या चौकटीतच तो आठवतो, आणि गट विखुरला की त्या चौकटीतील स्मृतीही दुबळी होते. याला सामूहिक स्मृती म्हणतात, आणि तिला जागेचा आधार लागतो. मुंबईच्या गिरणगावात हे स्पष्ट दिसते: १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर परळ-लालबागमधील कामगार कुटुंबांना ओहोटी लागली, काही कोकणात वा घाटावर परतली, काही दूरच्या उपनगरांत गेली, आणि पट घटल्याने मराठी शाळांचे वर्गही रिकामे होत गेले. जेथे चाळ, गिरणी आणि शाळा या तिन्ही खुणा पुसट झाल्या तेथील बॅचसाठी वर्गसोबत्यांचा गट हाच त्या वस्तीचा उरलेला नकाशा ठरतो.

तथापि मिळून आठवण्याला एक मर्यादा आहे. मेरी वेल्डन आणि क्रिस्टल बेलिंजर यांनी १९९७ मध्ये दाखवले की काही माणसे एकत्र बसून जेवढे आठवतात त्यापेक्षा तीच माणसे वेगवेगळी बसून आठवतील त्याची बेरीज अधिक भरते, कारण एकाच्या कथनाचा ओघ दुसऱ्याच्या आठवणीचा धागा तोडतो. विल्यम हर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे २००७ मधील संशोधन त्याच्याही पुढे जाते: एखाद्या अनुभवाचा काही भाग सांगितला गेला आणि त्याच्याशी जोडलेला भाग अनुच्चारित राहिला, तर तो न सांगितलेला भाग सांगणाऱ्याच्याच नव्हे, ऐकणाऱ्याच्याही स्मृतीतून मागे पडतो. गटात दर वर्षी त्याच चार गमती निघतात, त्याच सरांची नक्कल होते आणि त्याच सहलीची गोष्ट रंगते, तेव्हा स्मृतीची जपणूक होत असते आणि त्याच वेळी छाटणीही होत असते.

ही छाटणी कोणाच्या वाट्याला येते हे पाहणे आवश्यक आहे. छडी खाऊन आजही हसत सांगणारा असतो, तसा त्या छडीमुळे शाळा सोडलेलाही असतो, फक्त तो मेळाव्याला नसतो. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ मध्ये, लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० मध्ये आणि शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ १९८४ मध्ये आले, तेव्हा या आत्मकथनांतून त्याच मराठी शाळांचे वर्ग पुष्कळ वाचकांना प्रथमच निराळ्या बाकावरून दिसले. एकाच वर्गात एकाच्या स्मृतीत डब्यांची देवाणघेवाण असते आणि दुसऱ्याच्या स्मृतीत आपला डबा कोणी न घेतल्याची बोच असते. दोन्ही खरे असते. ‘आपल्या वेळी असे काही नव्हते’ हे वाक्य मेळाव्यात सहज उच्चारले जाते, आणि ते ऐकून गप्प बसणारा माणूस पुढच्या वर्षी येत नाही.

जुन्या ओळखीचे बळ

एवढे असूनही या नात्याचे व्यावहारिक मोल मोठे आहे. डॅनियल लेव्हिन, जॉर्ज वॉल्टर आणि कीथ मर्निघन यांनी २०११ मध्ये ‘निद्रिस्त संबंध’ ही कल्पना मांडली, म्हणजे एकेकाळी असलेले पण निदान तीन वर्षे संपर्काविना राहिलेले संबंध. व्यवस्थापकांना अशा जुन्या परिचितांकडे जाऊन कामाविषयी सल्ला घ्यायला सांगितले तेव्हा तो सल्ला मोलाचा ठरला, कारण मधल्या काळात समोरच्याचे जग बदललेले असल्याने माहिती नवी मिळते आणि विश्वास मात्र जुनाच, आयता असतो. बॅचच्या गटात पोलीस हवालदार, परिचारिका, तलाठी, डॉक्टर, रिक्षाचालक आणि बँकेतला कारकून एकत्र असतात, असे मिश्रण पुढच्या कोणत्याही वर्तुळात क्वचितच जमते. २०२०-२१ च्या करोनाकाळात खाटा, प्राणवायू आणि औषधे शोधण्यासाठी असे अनेक गट धावले, ते याच बळावर.

तणावही याच मिश्रणातून येतात. राजकीय मजकुरावरून भांडण होते, कोणी गट सोडतो, त्याची समजूत घालून त्याला परत आणले जाते. हॉटेलातला मेळावा आणि त्याची वर्गणी ठरवताना ज्याला ती परवडत नाही तो ‘काम आहे’ असे सांगून टाळतो. अनुभवी संयोजक म्हणून वर्गणी ऐच्छिक ठेवतात, आकडे जाहीर करत नाहीत, शाळेच्या वर्गातच जेवण ठेवतात आणि हुद्दे सांगण्याचा कार्यक्रम आखत नाहीत. हुद्दा बाजूला ठेवणे येथे शक्य होते, कारण समोरच्याने तो माणूस हुद्द्याआधी पाहिलेला असतो.

‘अहो’ आणि ‘अरे’ यांच्यामध्ये

याच ठिकाणी मराठीतील संबोधनाची रीत महत्त्वाची ठरते. मराठी बोलणारा माणूस वयाने आणि पदाने वाढत जातो तसतसा त्याच्याभोवती ‘अहो’ आणि ‘तुम्ही’ यांचा वेढा वाढतो. शेजारी, सहकारी, व्याही, जावई सारेच आदरार्थी बोलतात. एकेरीत हाक मारणारी माणसे म्हणजे आईवडील, काका, मामा, थोरली भावंडे, आणि ती एकामागून एक कमी होत जातात. ‘अरे’, ‘अगं’ म्हणणारे उरतात ते प्रामुख्याने वर्गसोबती. शाळेत असताना मुलेमुली एकमेकांशी फारसे बोलतच नसत आणि बोलले तरी आडनावाने, अशा बॅचमध्येही पन्नाशीनंतर सर्वांनी एकमेकांना एकेरीत बोलायचे असे ठरते, म्हणजे जे सलगीचे हक्क त्या वयात मिळाले नव्हते ते उशिरा घेतले जातात.

एकेरीची ही हाक म्हणजे एक साक्ष असते. माणसाच्या प्रौढ आयुष्यातील जोडीदार, मुले आणि मित्र यांना तो घडल्यानंतर भेटलेला असतो. तो घडत असताना, गणिताला घाबरणारा, गॅदरिंगच्या नाटकात वाक्य विसरलेला, वडील गेल्यावर आठवडाभराने डोके भादरून वर्गात आलेला असा, त्याला पाहिलेले लोक मोजकेच असतात. ते बोलतात तेव्हा त्याची जुनी ओळख त्याच्या एकट्याच्या कल्पनेवर अवलंबून राहत नाही.

साक्षीदार जितके अधिक आणि जितक्या निरनिराळ्या बाकांवरचे, तितकी साक्ष खरी, हे मात्र विसरता येत नाही. बॅचची व्याख्या दहावीच्या परीक्षेवरून केली की नववीत नापास होऊन मागे राहिलेली, सातवीनंतर ऊसतोडीला गेलेली आणि आठवीतच लग्न झालेली मुले आपोआप यादीबाहेर जातात, जरी त्यांनीही त्याच बाकांवर तीन-चार वर्षे काढलेली असतात. त्यामुळे ज्या बॅचेस आपली यादी दहावीच्या निकालावरून न करता पाचवीच्या हजेरीपटापासून करतात, त्यांच्या शोधाला वेळ अधिक लागतो. जनरल रजिस्टरातील शाळा सोडण्याच्या कारणाचा रकाना तपासावा लागतो, वाड्यावस्त्यांवर चौकशी करावी लागते आणि कधी कधी समोरचा माणूस दारातूनच ‘मी कुठला तुमच्या बॅचचा?’ असे विचारतो. त्यावर त्याचा पाचवीतला हजेरी क्रमांक सांगितला की तो आत बसायला बोलावतो.